सेकंडहँड व्हीएमसी आणि ९०० नंबरचे पॅरामीटर: हे नेमकं काय प्रकरण आहे?

वेणाकाठ

नमस्कार मंडळी. जामच्या चौरस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव. वडिलांच्या वेळेपासून लेथचं काम. जिनिंगचे शाफ्ट, दालमिलचे रोलर, ट्रॅक्टरच्या अवजारांचे बुश, सगळं करतो. मागच्या दिवाळीला हिंमत करून एक जुनी व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन, घेतली. कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, फानुक कंपनीचा झीरो-एम. मशीन चांगली आहे, स्लाइडमध्ये जान आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

आता एका जिनिंगवाल्याकडून बेअरिंग हाउसिंगचं काम मिळालंय. एका नगावर आठ भोकं, आठीही एम ८ टॅप करायची, म्हणजे आत आटे पाडायचे, आणि वर तिरके स्लॉट. स्लॉटसाठी जी ६८ (कोऑर्डिनेट रोटेशन, म्हणजे अक्ष तिरके फिरवायचा कोड) टाकलं की सरळ अलार्म ०१०. टॅपिंग फ्लोटिंग, म्हणजे स्प्रिंगवाला होल्डर लावून करतोय, पण रिजिड (बिनस्प्रिंगचं) टॅपिंग असतं तर नगामागे बराच वेळ वाचला असता. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "हे ऑप्शन तुमच्या मशीनला नाहीत, आधीच नव्हते."

परवा जामला चहा घेताना एक पोरगा भेटला, बुटीबोरीला कामाला आहे. म्हणाला, "९०० च्या पुढचे पॅरामीटर उघडा, एक बिट ० चं १ करा, झालं." रात्री ते पान उघडलं. नुसत्या शून्य-एकच्या ओळी. काही हात पुढे गेला नाही. या मशीनवर कर्ज आहे, आणि सोयाबीन कसं येईल ते अजून सांगता येत नाही.

हे पॅरामीटर म्हणजे काय, ते असे लपवून का ठेवतात, आणि मी हात लावावा की नाही? जाणकारांनी नीट समजावून सांगावं ही विनंती.

कपाशी७२

हात नाही लावला ते बेस केलं भाऊ. वाचतो हाव.

खामगावकर

अहो त्यात काही विशेष नाही. आमच्याकडे फानुकचाच झीरो-आय आहे. ३२०२ मध्ये जाऊन बिट बदलला की ९००० चे सगळे उघडतात. मी स्वतः केलंय, मशीनला काही झालं नाही.

मिलिंग_ताई

खामगावकर दादा, थांबा. तुम्ही म्हणता ते वेगळं आणि वेणाकाठ दादा विचारतात ते वेगळं. ३२०२ मध्ये एनई८ आणि एनई९ असे दोन बिट आहेत. त्यांनी ८००० आणि ९००० नंबरच्या प्रोग्रॅमना कुलूप लागतं. मशीन बनवणाऱ्याने टूल चेंजचा मॅक्रो (तयार छोटा प्रोग्रॅम) ओ९००१ वगैरे नंबरला ठेवलेला असतो. तो कुणी चुकून पुसू नये म्हणून ते कुलूप. झीरो-एमला हेच काम पॅरामीटर १० च्या चौथ्या बिटावर होतं.

ऑप्शन पॅरामीटर म्हणजे झीरो सिरीजमधले ९०० चे, आणि फानुकच्याच १६, १८, २१ सिरीजमधले ९९०० चे. नंबर सारखा दिसतो म्हणून आमच्या शॉपमध्येही नव्या पोरांचा दरवेळी हाच गोंधळ होतो. प्रोग्रॅमचं कुलूप उघडलं तर फार तर मॅक्रो दिसतो, नाही तर चुकून पुसला जातो. ऑप्शनचा बिट बदलला तर कंट्रोल स्वतःला काय समजतो तेच बदलतं.

खामगावकर

बरोबर आहे ताई. मी प्रोग्रॅमचंच उघडलं होतं. चूक दुरुस्त केल्याबद्दल आभार.

आयटीआय_गुरुजी

प्रश्न चांगला आहे, जरा सविस्तर लिहितो.

कंट्रोलवर एकच कुलूप नसतं, एकात एक बरीच असतात. सर्वात बाहेरचं म्हणजे पॅनलवरची मेमरी प्रोटेक्टची चावी. ती ऑपरेटरसाठी. त्याच्या आत पीडब्ल्यूई, म्हणजे पॅरामीटर लिहायची परवानगी. सेटिंगच्या पानावर ते १ केलं की अलार्म १०० येतो. पुष्कळजण घाबरतात, पण तो बिघाडाचा अलार्म नाही. दार उघडं आहे, काम झालं की लावून घ्या, एवढंच तो सांगतो. पीडब्ल्यूई परत ० करून रिसेट दाबलं की जातो. इथपर्यंत मशीन मालकाचा हक्क आहे. बॅकलॅश, रॅपिड, ग्रिड शिफ्ट हे सगळं याच थरात.

त्याच्या आतले ऑप्शन पॅरामीटर. यांचं गणित वेगळं आहे. कंट्रोल बनवणारा एकच सॉफ्टवेअर तयार करतो. त्यात कोऑर्डिनेट रोटेशन, मॅक्रो, हेलिकल, रिजिड टॅपिंग असं पुष्कळ काही आधीच असतं. मशीन बनवणारा ऑर्डर देताना सांगतो, मला यातलं हे-हे हवं, आणि तेवढ्याचे पैसे भरतो. मग त्या कंट्रोलच्या ऑप्शन पॅरामीटरमध्ये तेवढेच बिट १ करून माल येतो. एका बाइटमध्ये आठ बिट, उजवीकडून मोजायचे आणि मोजणी शून्यापासून. एकेक बिट म्हणजे एकेक काम. अलार्म ०१० चा अर्थच असा आहे की हा जी कोड एक तर चुकीचा आहे, नाही तर त्याची सोय या कंट्रोलला दिलेली नाही. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम बरोबर असूनही तो येऊ शकतो.

जाता जाता. फानुक म्हणजे फुजी ऑटोमॅटिक न्यूमेरिकल कंट्रोल. १९५६ साली फुजित्सूच्या आत हे काम सुरू झालं आणि १९७२ साली त्याची वेगळी कंपनी झाली. मुलांना हे सांगितलं की नाव लक्षात राहतं.

नट_बोल्ट

गुरुजी, म्हणजे माल आत आहे, मशीन माझ्या शेडमध्ये उभी आहे, लाइट बिल मी भरतो, आणि वापरायचं मात्र नाही? हे कुठलं न्यायाचं? मला तरी पटत नाही. मी तर म्हणतो करा बिट १.

कपाशी७२

नट बोल्ट भाऊ, वावरात इहीर तुमची, मोटर तुमची, पाइप तुमचा. पण कनेक्शन तीन हॉर्सपॉवरचं मंजूर असन अन् तुम्ही पाचची मोटर बसवली तर? पानी तर येते. डीपीवरचा फ्यूज गेला की मंग साऱ्या शिवाराले समजते.

नट_बोल्ट

उदाहरण भारी आहे भाऊ, हसलो. पण वीज दुसरीकडून येते. इथे सगळं डब्यातच बसलंय. दोन्ही सारखं नाही.

मिलिंग_ताई

नट बोल्ट दादांचा राग मला कळतो. दहा लोकांचं छोटं वर्कशॉप चालवताना प्रत्येक ऑप्शनचे पैसे टोचतात. पण कायद्याचं सांगायला हवं. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्काचं उल्लंघन करायच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मी वकील नाही, पण आमच्या मालकांनी विचारून घेतलं होतं, म्हणून ठाऊक आहे. स्वतःच्या मशीनला आधीपासून असलेला ऑप्शन परत भरणं हा वेगळा विषय, आणि न घेतलेला उघडणं वेगळा.

हिंगण्याचा_मेंटेनन्सवाला

कायद्याचं ताईंनी सांगितलं. मी मशीनचं सांगतो. वीस वर्षं याच कामात गेली, त्यातली दोन प्रकरणं.

पहिलं प्रकरण. अमरावतीकडचं एक शॉप, नाव घेत नाही. त्यांच्या पोराला कुणीतरी सांगितलं की सगळे बिट १ करून टाक, म्हणजे सगळंच चालू होईल. त्याने केलं आणि बंद-चालू केली. कंट्रोल उठलाच नाही. का? काही ऑप्शनला मागे हार्डवेअर लागतं. ग्राफिक्स म्हटलं तर त्याचं कार्ड हवं. जास्त मेमरी म्हटली तर तेवढी मेमरी बोर्डावर असायला हवी. कंट्रोल सुरू होताना यादीप्रमाणे शोधायला जातो, सापडत नाही, तिथेच थांबतो. शिवाय मेमरीची वाटणी या ऑप्शनवरूनच ठरते. वाटणी बदलली की आतले प्रोग्रॅम गेले. त्यांचे सहा वर्षांचे प्रोग्रॅम गेले. मालक माझ्यासमोर खुर्चीत बसून होता, काही बोलला नाही. पोरगा दाराशी उभा, डोळ्यात पाणी. मला त्या दिवशी पोराला रागवायची हिंमत झाली नाही, कारण त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

दुसरं प्रकरण नेमकं उलटं. चंद्रपूरकडे मे महिना, पारा ४६ च्या वर, शेडवर पत्रे. मशीन पंधरा दिवस बंद, कारण मालकाकडे लग्न. चालू केली तर स्क्रीनवर नुसते अलार्म. मेमरीचे सेल संपलेले. झीरो सिरीजला टॉर्चमध्ये टाकतात तसले तीन मोठे सेल असतात, साडेचार व्होल्टचे. त्यांच्यावर पॅरामीटर, प्रोग्रॅम, ऑफसेट सगळं जगतं. सेल गेले की सगळं गेलं, आणि त्यात हे ९०० वालेसुद्धा. दोन दिवस खपून आम्ही बाकी पॅरामीटर भरले, पण आधी ९०० चे बरोबर भरल्याशिवाय पुढचं काही नीट बसतच नाही. त्या मालकाकडे कागद नव्हता. शेवटी मशीन बनवणाऱ्याकडून सिरीयल नंबरवरून यादी मागवली. आठ दिवस मशीन उभी.

वेणाकाठ भाऊ, आता तुमचं. बिटाला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघा. इलेक्ट्रिक कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पत्र्याचा खिसा असतो. त्यात मशीनसोबत आलेली पॅरामीटरची यादी असते, बरेचदा मूळ. ती शोधा. दुसरं, कॅबिनेट उघडण्याआधी मेन बंद करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, ड्राइव्हमध्ये चार्ज असतो.

वायरमन_दादा

मेन बंद केल्यावर टेस्टरनं नाही, मीटरनं पाहा. ड्राइव्हवरचा लाल दिवा विझेस्तोवर हात आत घालायचा नाही. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

परदेशी_वऱ्हाडी

मी मूळचा दर्यापूरचा, सध्या जर्मनीत श्टुटगार्टजवळ मशीन शॉपमध्ये आहे. इकडे सीमेन्सची ८४० डी एसएल ही कंट्रोल जास्त. तिच्यात ऑप्शनचं कुलूप अजून पक्कं आहे. लायसन्स कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डच्या सिरीयल नंबरला बांधलेलं असतं. विकत न घेतलेला ऑप्शन चालू केला की लायसन्स की नसल्याचा अलार्म ८०८० येतो. मात्र कुणी काय बदलू शकतं याच्या पायऱ्या स्पष्ट आहेत. ० ते ७ असे आठ स्तर. ० ते ३ पासवर्डने, ४ ते ७ पॅनलवरच्या चावीने. ऑपरेटरला नेमका अधिकार किती, यावरून शॉपमध्ये भांडण होत नाही.

हास कंट्रोलवर वेगळी सोय आहे. ऑप्शन २०० तास वापरून बघता येतो, पटला तर घ्या. मला ही पद्धत सर्वात प्रामाणिक वाटते. छोट्या वर्कशॉपवाल्याला आधी कळतं की त्याचा खरंच उपयोग आहे का.

फानुकच्याही नव्या आय सिरीजमध्ये ऑप्शनची माहिती एन्क्रिप्ट करून त्या कंट्रोलच्या ओळख क्रमांकाशी बांधलेली असते. शेजारच्या मशीनची फाइल आणून टाकली तर चालत नाही. चहाच्या दुकानातला उपाय चालला तर फक्त जुन्या मशीनवर चालतो.

नट_बोल्ट

२०० तासांची कल्पना आवडली. आपल्याकडे अशी सोय मिळाली तर मी स्वतः पैसे भरीन, कुलूप तोडायचं कशाला.

कपाशी७२

दर्यापूर कोन्तं हो? बाबळी? आमची सोयरीक हाये तिकडे.

परदेशी_वऱ्हाडी

बाबळीच भाऊ. इथे थंडीत रोडगे अन् वांग्याच्या भाजीची फार आठवण येते.

मिलिंग_ताई

धागा रोडग्यांवर जायच्या आधी रिजिड टॅपिंगबद्दल लिहून घेते.

साध्या टॅपिंगमध्ये स्पिंडल आपला फिरतो, झेड आपला उतरतो, दोघांमध्ये फक्त आपण दिलेला हिशेब. एम ८ ची पिच सव्वा, ४०० आरपीएम असेल तर फीड ५००. भोकाच्या तळाशी स्पिंडल थांबून उलटा फिरतो तेव्हा थोडा मागेपुढे होतो, तो फरक फ्लोटिंग होल्डरची स्प्रिंग खाते. रिजिडमध्ये कंट्रोल प्रत्येक क्षणी स्पिंडल कुठे आहे ते वाचतो आणि झेड त्याला बांधून चालवतो. वाचायचं तर स्पिंडलवर पोझिशन कोडर हवा. शिवाय लॅडरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या लॉजिक प्रोग्रॅममध्ये, एम २९ (रिजिड टॅपिंगचा कोड) ची सोय मशीन बनवणाऱ्याने लिहिलेली हवी. म्हणजे बिट, कोडर आणि लॅडर, तिन्ही पाहिजेत. दादा, तुमच्या मशीनला कोडर आहे का?

वेणाकाठ

ताई, असणारच ना? टूल चेंजच्या वेळी स्पिंडल दरवेळी बरोबर एकाच जागी थांबतो. कोडर नसता तर कसा थांबला असता?

हिंगण्याचा_मेंटेनन्सवाला

इथेच बरेच लोक फसतात. जुन्या मशीनवर ओरिएंटेशन, म्हणजे स्पिंडल ठरल्या जागी थांबवणं, दोन पद्धतीने असायचं. एक कोडरने. दुसरं मॅग्नेटिक सेन्सरने: स्पिंडलवर एक छोटं चुंबक, बाजूला सेन्सर, एका फेरीत एकदाच खूण मिळते. थांबायला तेवढं पुरतं, पण टॅपिंगसाठी सतत वाचायला पुरत नाही. वरचं कव्हर काढून बघा. दात असलेल्या छोट्या पट्ट्याने स्पिंडलशी जोडलेला डबीसारखा कोडर दिसला तर आहे. फिरणाऱ्या भागावर स्क्रूने बसवलेली चपटी पट्टी आणि तिच्यासमोर वायर आलेला सेन्सर दिसला तर नाही.

वेणाकाठ

रविवारी बघतो. शनिवारपर्यंत ऑर्डर द्यायची आहे.

आयटीआय_गुरुजी

वेणाकाठ, तोपर्यंत एक काम करा, याला पैसा लागत नाही. पॅरामीटरचं पहिलं पान उघडा आणि मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढा, ९०० च्या पानांसकट. डायग्नॉस्टिकच्या पानांवरचे कीप रिले आणि टायमर (मशीन बनवणाऱ्याच्या सेटिंग) सुद्धा. फोटो काढताना नंबर आणि बिट दोन्ही स्पष्ट दिसू द्या, स्क्रीनवर ट्यूबलाइटची तिरीप पडू देऊ नका. आरएस २३२ केबलने पंच करून, म्हणजे फाइल बाहेर काढून, घेता आलं तर उत्तमच, सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. पण ९०० वाले तरीही हाताने वहीत उतरवा. दोघांनी बसून, एकाने वाचायचं, एकाने लिहायचं, आणि मग वही बदलून परत वाचायचं.

आमच्या मुलांना मी हा सराव देतो. एक पान उतरवायला पंधरा मिनिटं लागतात, आणि दर चौथ्या मुलाचा एक तरी बिट चुकतो.

खामगावकर

झीरो-आयवाल्यांसाठी: पॉवर देताना सॉफ्ट कीमधल्या उजवीकडच्या शेवटच्या दोन कळा दाबून धरल्या की बूटचं पान येतं. तिथून सगळी एसरॅम (सेलवर जगणारी आतली मेमरी) मेमरी कार्डवर घेता येते. तीन वर्षांत मी एकदाही घेतली नव्हती. हा धागा वाचून काल रात्री घेतली, दोन प्रती केल्या, एक घरी कपाटात ठेवली.

वायरमन_दादा

बूटच्या पानावर बॅकअप अन् रिस्टोअर जवळजवळ असतात. वाचून कळ दाबा. मी एकदा कार्डवरचं जुनं उलटं मशीनमध्ये भरलं होतं, आठवड्याभराचे ऑफसेट गेले.

वेणाकाठ

मंडळी, रविवार झाला. सविस्तर सांगतो.

सकाळी मेन बंद करून, मीटरने पाहून, कॅबिनेट उघडलं. दाराला खिसा होता. त्यात उंदराने कुरतडलेलं लॅडरचं पुस्तक, आणि त्याच्यामागे घडी घातलेला, तेलाने पिवळा झालेला कागद. कोपऱ्यात मशीनचा सिरीयल नंबर छापलेला. प्लेटवरच्या नंबराशी जुळवून पाहिला, तोच. खाली ९०० पासूनच्या ओळी, टायपात छापलेल्या.

मग पॉवर देऊन बायकोला स्क्रीनसमोर बसवलं. ती नंबर वाचायची, मी कागदावर बोट ठेवायचो. "शून्य शून्य एक शून्य..." असं आम्ही एकेक ओळ केली. चार ओळी जुळल्या. पाचवीत ती थांबली. म्हणाली, "इथे तर शून्य आहे, तुम्ही एक म्हणालात." मी म्हटलं परत वाच. परत शून्य. कागदावर छापील एक. पुढे अजून एका ओळीत तसंच. एकूण दोन बिट वेगळे. छातीत धडधडायला लागलं, खरं सांगतो.

वरचं कव्हरही काढलं. चुंबकच आहे, हिंगणेकर भाऊ. चपटी पट्टी, दोन स्क्रू, समोर सेन्सर. कोडर नाही.

आता या दोन बिटांचं काय?

हिंगण्याचा_मेंटेनन्सवाला

भाऊ, मी हेच वाचायची वाट बघत होतो. आधीच्या मालकाकडे कधीतरी सेल संपले असणार आणि कुणीतरी वहीतून पॅरामीटर भरताना दोन बिट चुकवले. गुरुजी म्हणाले तसंच. विकणाऱ्याने जे पाहिलं ते सांगितलं, त्याचंही खोटं नाही. पण कागद तुमच्या सिरीयल नंबरचा आहे, म्हणजे ते ऑप्शन त्या मशीनसाठी आधीच घेतलेले आहेत.

तरी स्वतः भरू नका. ऑप्शन बदलल्यावर मेमरीची वाटणी परत होऊ शकते, म्हणून आधी सगळे प्रोग्रॅम बाहेर काढावे लागतील. कागदाचा फोटो मशीन बनवणाऱ्याला पाठवून सिरीयल नंबरवर खात्री करून घ्या. मग जाणता माणूस बोलवा. तुम्ही सांगाल तर नागपूरहून मीच येतो, येण्याजाण्याचं पेट्रोल द्या.

नट_बोल्ट

मी वर "करा बिट १" म्हणालो होतो. तो शब्द मागे घेतो. कागद शोधायचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. वहिनींना विशेष नमस्कार सांगा.

मिलिंग_ताई

वहिनींना माझाही. आणि ते दोन नंबर इथे धाग्यात लिहू नका दादा. झीरोमध्ये ज्या बिटाचा जो अर्थ, तो दुसऱ्या कंट्रोलवर नसतो. कुणीतरी फोटो काढून घेऊन जाईल आणि आपल्या मशीनवर टाकेल.

वेणाकाठ

नाही लिहिले ताई. कागदाचा फोटो फक्त मशीन बनवणाऱ्याला पाठवला.

कपाशी७२

मंग? झालं का? चार दिस झाले राजेहो, कोनी काही सांगत नाही. मी रोज पाहून रायलो.

वेणाकाठ

झालं भाऊ. मशीन बनवणाऱ्याकडून तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, कागद बरोबर आहे, दोन्ही ऑप्शन त्या नंबरवर नोंदलेले आहेत. काल हिंगणेकर भाऊ आले. पावसाने जामजवळ रस्ता भरला होता, तरी आले. आधी सगळे प्रोग्रॅम लॅपटॉपवर घेतले, मग वही समोर ठेवून दोन बिट भरले. पॉवर बंद करायचा अलार्म आला, बंद-चालू केली. प्रोग्रॅम जागच्या जागी होते. मग त्यांनी मला एमडीआयला (हाताने एकेक ओळ टाकायच्या मोडला) बसवलं आणि म्हणाले, जी ६८ तुम्हीच टाका.

टाकलं. अलार्म आला नाही. पहिल्या हाउसिंगचे तिरके स्लॉट संध्याकाळी साडेसहाला निघाले. मी तो नग पुसून घरात नेला, आईला दाखवला.

रिजिड टॅपिंग मात्र नाही. कागदावरही तो ऑप्शन नव्हता, कोडर तर नाहीच. कोडर आणि लॅडर दोन्ही करायचं तर मशीन बनवणाऱ्याशी बोलावं लागेल, ते कर्ज उतरल्यावर बघू. सध्या फ्लोटिंग होल्डरच. हिंगणेकर भाऊंनी फीड पिचपेक्षा किंचित कमी ठेवायला सांगितलं, स्प्रिंगला ओढ घ्यायला जागा राहते. काल चाळीस भोकं केली, एकही टॅप तुटला नाही.

आयटीआय_गुरुजी

फार आनंद झाला. तुमची परवानगी असेल तर तो कागद आणि स्क्रीन समोरासमोर ठेवून वाचण्याचा प्रसंग मी वर्गात सांगेन, गावाचं नाव न घेता.

वेणाकाठ

सांगा गुरुजी. बायको म्हणते, तिचं नाव घेतलं तरी चालेल.

वायरमन_दादा

सेल बदलले का? कव्हर उघडलंच होतं तर.

वेणाकाठ

बदलले दादा, पॉवर चालू ठेवूनच, एकदम तिन्ही. दाराच्या आत तारीख लिहिली. आता दरवर्षी पोळ्याच्या दिवशी बदलायचे ठरवलंय, म्हणजे लक्षात राहील. कागद लॅमिनेट करून परत त्याच खिशात ठेवला आणि एक झेरॉक्स घरी.

कपाशी७२

पोळ्याले बैलाले आराम असते भाऊ, पन मशीनचा करंट मात्र चालूच ठेवजा त्या दिवशी.